धारेवरचे गार ढीग

ब्रिस्टो
रविवार, ६ ऑक्टोबर, दुपार

प्रिय लायल,

तू शुक्रवारी परत येतोयस असं तुझ्या बायकोने, डॉटीने सांगितलं. कॅलिफोर्नियातली ती आग आटोक्यात आली हे ऐकून बरं वाटलं. तुझा खोकला कसा आहे? धूर गिळून वर सिगारेट ओढतोस, तुला कोण सांगणार!

इकडे थंडी पडायला लागली. खिंडीत काल पहिला बर्फ झाला, पार्कचा वरचा रस्ता पुढच्या आठवड्यात बंद करू. आईला काल वृद्धाश्रमात भेटून आले. तिथल्या बाया तिला छान ठेवतात. तिने मला दोनदा ‘लायल’ म्हणून हाक मारली. मी दोन्ही वेळा ओ दिली. तुझी सफरचंदं उतरवून दिली डॉटीला, चार पेट्या झाल्या. निम्मी किडकी होती, पण ॲपल-पाय भाजायला चालतील म्हणाली.

आता हे किती वेळ लिहीत बसू? पंधरा तारखेला हर्शेल पिंकनींची कोर्टात तारीख आहे, आणि ते गुन्हा कबूल करणार आहेत. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय.

तुला यातलं सगळं ठाऊक आहे. तरीही पहिल्यापासून लिहिते, कारण समोरासमोर तू मला कधी वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

एकोणतीस जूनला दुपारी अडीचला हेरॉन तळ्यावरून धूर दिसल्याचा निरोप आला. तुझी माणसं आग अडवायला धावली आणि मी माणसं काढायला. तळ्याकाठच्या तंबूंच्या तळावर दीडशेच्या वर लोक होते. लोक काय करतात तुला माहीतच आहे. एक बाई तंबूच्या खुंट्या उपटत बसली होती, म्हणे नवीन तंबू आहे. मी तिला दंडाला धरून गाडीत कोंबलं. शेवटची गाडी निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं पेटलेली होती आणि माझ्या गाडीच्या मागच्या दिव्याचं प्लास्टिक वितळलं. माणूस एकही गेला नाही. पार्कच्या हद्दीबाहेरची तेवीस घरं गेली, साडेआठ हजार एकर जंगल गेलं.

तिसऱ्या दिवशी तू मला तळ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेलास. दगड रचलेली एक चूल होती, त्यात डबा, कोळसे. तू तिथे झेंडी रोवलीस आणि म्हणालास, “इथून लागली, नोला. कोणाची चूल असेल हे मी तुला सांगायला नको.”

नकोच होतं. गेल्या वर्षी शेकोटीवर बंदी असताना त्याच जागी मीच हर्शेलना पकडलं होतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, जन्मभर शाळेची बस चालवलेला. बस चालवताना तुला-मलाही त्यांनीच शाळेत पोचवलं, मागच्या बाकावर मारामाऱ्या केल्या म्हणून तुला भर हिवाळ्यात एकदा खालीही उतरवलं होतं. दंडाची पावती फाडताना मला म्हणाले होते, “काय गं रेंजरबाई, मासा पकडायला जमेना म्हणून म्हातारा पकडलास होय?” त्या वेळी आम्ही दोघंही हसलो होतो.

या वेळी मी त्यांच्या दारात गेले तेव्हा ते हसले नाहीत. राहायच्या ट्रेलरच्या, त्या चाकांवरच्या घराच्या पायरीवर मोजे घालत बसले होते. “मी विझवली होती गं. तीन डबे पाणी ओतलं होतं,” एवढंच म्हणत राहिले. मी त्यांच्या हातात बेड्या घातल्या, कारण नियम तसा आहे. मनगटं इतकी बारीक झाली होती की शेवटच्या दातावर आवळाव्या लागल्या. शेजारपाजारचे सगळे बघत होते.

पुढचं गावाने केलं. ट्रेलरच्या काचा फुटल्या. दुकानात एकाने त्यांच्या तोंडावर थुंकून सांगितलं, “माझ्या आईचं घर जाळलंस.” आणि सगळ्यात वाईट सांगू? ऑगस्टमध्ये मी जबाबावर सही घ्यायला गेले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, “नोला, मी विझवली होती ना गं? आताशा मला गोष्टी आठवत नाहीत. सगळी माणसं म्हणतात म्हणजे राहिली असेल माझ्याकडून.”

लायल, त्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास आपण काढून घेतला.

‘आपण’ म्हणते, कारण तोपर्यंत मी तुझ्या बाजूला उभी होते आणि तू कुठे उभा आहेस हे मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात सरकारी वकिलासाठी कागद लावत होते. पार्कमध्ये त्या भागात वर्षभरात काय काय पेटवलं गेलं त्याची यादी त्याने मागितली. गेल्या नोव्हेंबरात तुझ्या माणसांनी तळ्याच्या वर, लार्च झाडांच्या डोंगरधारेवर वाळक्या लाकडांचे चाळीस ढीग जाळले होते. रीतसर, बर्फ पडल्यावर. बर्फ वितळला की प्रत्येक ढिगात हात घालून बघायचं, मुळांत निखारा राहिलेला नाही ना. हे तूच मला शिकवलंस. हातमोजा काढून, उघड्या हाताने. “डोळा फसतो, तळहात फसत नाही,” असं म्हणायचास.

तपासणीचा कागद मिळाला. ‘चाळीसच्या चाळीस ढीग गार. हात लावून पाहिले.’ खाली तुझी सही. तारीख चौदा मे.

मी तो कागद फाइलला लावला, पुढचा घेतला, आणि मग पुन्हा त्या तारखेकडे आले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी धारेवर चढले. तू मला जिथे नेलंस तिथून वर कधी गेलेच नव्हते. गरजच वाटली नव्हती, तू सांगितलं होतंस ना. तिथून वर प्रत्येक दगडाची धारेकडची बाजू भाजून पांढरी पडलेली आहे आणि तळ्याकडची बाजू स्वच्छ, शेवाळ तसंच. शिकाऊ रेंजरलासुद्धा कळेल. आग वरून खाली आली. हर्शेलच्या चुलीवरून ती गेली, चुलीतून निघाली नाही. माग काढत काढत मी तेविसाव्या ढिगापाशी पोचले. बुंध्याच्या जागी माझ्या कमरेइतका खोल खड्डा होता. मुळं आतल्या आत जळून गेलेली.

लायल, तू हे त्या पहिल्या तीन दिवसांतच पाहिलं असणार. मला खाली नेण्याआधी तू वर जाऊन आला होतास. तुला झेंडी कुठे रोवायची ते ठरवावं लागलं असणार.

त्याच संध्याकाळी मी अवजारांच्या शेडमध्ये तुझ्याकडे आले.

“चौदा मेला तू धारेवर गेला नव्हतास,” मी म्हटलं.

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. तू माझ्या घरी होतास.”

तू पाण्याची नळी गुंडाळत होतास, हात थांबवलाही नाहीस. “मग तेराला गेलो असेन. तारीख चुकली.”

“तेराला माझ्या नवऱ्याचं, वॉल्टचं दफन होतं, लायल. शवपेटीचा पुढचा दांडा तुझ्या हातात होता.”

तेव्हा तू नळी खाली ठेवलीस. आणि मला वाटलं, आता माझा भाऊ बोलेल. पण तू म्हणालास, “त्या म्हाताऱ्याला कोणी आत टाकणार नाही. वर्षभर देखरेख, संपलं. माझी एकतीस वर्षं मातीत जातील. आणि जंगलात पुन्हा कोणी ढीग जाळू देणार नाही, मग याहून मोठी आग लागेल, तेव्हा तू उत्तर देणार आहेस?”

“त्यांनी काही केलेलं नाही.”

“गेल्या वर्षी केलं होतं ना? तूच पकडलंस.”

मी दाराकडे वळले तेव्हा तू आणखी एक वाक्य बोललास. ते आज मला लिहवत नाही. दुसऱ्या दिवशी तू कॅलिफोर्नियाला निघून गेलास.

पत्र इथेच ठेवते. डॉटीने जेवायला बोलावलंय, तिच्यासमोर काय तोंड करून बसू कळत नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर, संध्याकाळ

लायल,

काल लिहिलं ते पुन्हा वाचलं. त्यात मी फार स्वच्छ दिसते. ते खरं नाही.

तुझं वाक्य हे होतं: “मी कुठे होतो ते सांगणार असशील तर कोणी थांबवून घेतलं तेही सांग.”

मी थांबवून घेतलं. चौदा मेला सकाळी तू बूट घालून माझ्या स्वयंपाकघरात उभा होतास, गाडी सुरू करून आला होतास. “धारेवर जाऊन येतो, संध्याकाळी परत येतो,” म्हणालास. आणि मी तुझी बाही धरली. वॉल्टचे कपडे कपाटात होते, त्याचा चष्मा खिडकीत होता, आणि मला त्या घरात एकटीला उभं राहवत नव्हतं. म्हटलं, आज जाऊ नकोस. ढीग कुठे पळून जात नाहीत. हे शब्द माझे. तू बाहेर जाऊन गाडी बंद केलीस. दिवसभर तू त्याचे शर्ट घड्या करून खोक्यांत भरलेस आणि रडायला लागलास की अंगणात जात होतास, मला दिसू नये म्हणून.

त्या दिवसासाठी मी जन्मभर तुझी ऋणी राहिले असते. पंधराला गेला असतास तर झालं असतं. सोळाला गेला असतास तरी झालं असतं. तू गेला नाहीस, सही केलीस. आणि आग लागल्यावर ती सही झाकायला तू मला निवडलंस. पार्कमधल्या सगळ्या रेंजरांमध्ये जिला तुझ्या शब्दावर शंका येणार नाही, तिला. वर तो दिवसही तू शेडमध्ये माझ्यावर उगारलास. माझ्याकडे वॉल्टनंतरचा तेवढा एकच चांगला दिवस होता.

हे कळल्यावर मी एक दिवसही गप्प बसले नाही असं म्हणायला आवडेल. तेरा दिवस बसले. तेरा दिवस रोज गणवेश चढवून रस्त्यावर लोकांना अडवत होते, शेकोटी नीट विझवा म्हणून सांगत होते.

आज सकाळी दहा वाजता मुख्यालयातून आलेल्या चौकशी अधिकारी इस्त्राडाबाईंना सगळं सांगितलं. ढीग, दगड, सही. चौदा मे. मी तुझी बाही धरली तेही. वर चढून न बघता मी माणसाला अटक केली तेही. त्यांनी माझा बिल्ला आणि पिस्तूल जमा करून घेतलं, चौकशी होईपर्यंत. तुला आधी कळवून मग जावं असं काल मनात होतं. कळवलं असतं तर तू फोन केला असतास, आणि तुझा आवाज ऐकून मी गेले नसते. म्हणून आधी गेले.

तिथून सरळ हर्शेलकडे गेले. काचांच्या जागी अजून पुठ्ठे आहेत. दार किलकिलं करून म्हणाले, “आता काय घेऊन जायला आलीस?”

मी पायरीखाली उभी राहूनच सांगितलं. आग धारेवरून आली. खटला मागे घेतील, वकिलाशी बोलणं झालंय. माझं चुकलं.

त्यांनी दार आणखी थोडं उघडलं. मग विचारलं, “म्हणजे मी विझवली होती?”

“हो. तुम्ही विझवली होती.”

“तीन डबे?”

“तीन डबे.”

ते दाराची चौकट धरून खाली बसले. मी पुढे झाले तर हातानेच लांब राहा म्हणाले. माफ केलं नाही त्यांनी, आणि मी माफी मागितलीही नाही. दार लावून घेताना आतून पुटपुटणं ऐकू आलं, “विझवली होती. विझवली होती मी.”

डॉटीला मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. शुक्रवारी तू घरी पोचायच्या आत इस्त्राडाबाई तुला गाठतील, म्हणून हे पत्र तुझ्या हातात आधी पडावं अशी व्यवस्था केली आहे. खरं काय ते सांगून टाक, लायल. माझ्याबद्दल काय सांगायचं असेल ते सांग, मी नाकारणार नाही.

जबाबाच्या कागदावर शेवटी एक रकाना होता, ज्याच्याविरुद्ध सांगताय त्याच्याशी तुमचं नातं काय. मी आधी बाकीचे सगळे रकाने भरले. मग ‘भाऊ’ लिहिलं. तुझ्या कागदावरही तो रकाना असेल.

त्यात काय लिहायचं ते तू ठरव. मी इथे ‘तुझी बहीण’ न लिहिता फक्त नाव लिहिते.

नोला