गिऱ्हाईक उठलं की उठू द्यावं

रविवार, संध्याकाळ

मेहुण्याबरोबर चिंचोके लावून पोकर खेळतो आणि दरवेळी हरतो. का? मागच्या रविवारी बायको वैतागून म्हणाली, "गिऱ्हाईक उठून चाललं तरी तुमी साड्या उलगडतच बसता. हितंबी तेच की! पानं वाईट आली तर टाकून द्या."

लागलं मनाला. नवी पेठेतल्या दुकानात खरंच तसंच करतो मी.

आज वाईट पानं मुकाट्यानं टाकत गेलो. चिंचोके राखून ठेवले. मग एकदाच सगळे चिंचोके पुढं सारले. मेहुणा माझ्याकडं बघतच राहिला. "दाजी, आज पानं लई भारी दिसत्यात," म्हणाला आणि त्यानं पत्ते टाकले.

उद्या दुकानातही जमेल का? जमेल, बहुतेक.

आणि हो, माझ्या हातात साधी जोडीसुद्धा नव्हती!