नाडगीरांच्या बंगल्यातली आगटी

हुबळी, १२ फेब्रुवारी २०२५

ती. जयाअक्काच्या पायांवर विठ्ठलचं डोकं. फोनवर तू वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुझ्या सावनीसाठी धारवाडचं नाडगीरांचं स्थळ पाहून आलो. तू भाळलीस बंगल्यावर. मुलगा श्रीनिधी त्यासोबत फुकट. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनियरने तो बांधला. धारवाडच्या हवेत प्रत्येक खोलीच्या भिंतीत शेकायला आगटी! अक्कल बघ. तो विलायतेला गेल्यावर श्रीनिधीच्या पणजोबा वकिलांनी बंगला घेतला. कसा, ते सांगताना सगळ्यांना खोकला येतो. आजोबांनी वकिली बुडवली, वडिलांनी बाग विकली. चार पिढ्यांत एक खिळा मारला नाही, पण ऐट अशी की पाया यांनीच खणला! आता श्रीनिधी प्रवाशांना खोल्या भाड्याने देणार आहे.

वकिलांनी दिवाणखान्यातल्या आगटीत देव मांडले, ते अजून तिथेच. नमस्काराला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. पलीकडच्या खोलीतली आगटी त्याच धुराड्याला जोडलेली. मायलेकांची कुजबूज देवांमागून स्वच्छ ऐकू आली. आई म्हणत होती, मुलीच्या हाताला चव आहे, लग्न झालं की स्वैपाकीणबाईला काढू. तो म्हणाला, खोल्यांची झाडलोटही तीच बघेल.

पोर देऊ नकोस, अक्का. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा विठ्ठल

अळणावर, २० फेब्रुवारी २०२५

चि. विठ्ठलास आशीर्वाद, आणि कान पिळलेला समज. देवापुढे वाकून लोकांचं ऐकतोस? तारिहाळला कारखाना काढलास म्हणून जुनी घराणी तुला भंगार वाटतात, असंच मला वाटलं.

पण पत्र सावनीने वाचलं. गेली तडक धारवाडला. श्रीनिधीला विचारलं, लग्नानंतर शाळेतली नोकरी चालू ठेवीन, चालेल ना? तो म्हणाला, नोकरी कशाला, पाहुण्यांना घरच्या हातची चव लागते. आईने पुस्ती जोडली, एवढ्या बंगल्याची मालकीण म्हणून मिरवशील. सावनीने सांगितलं, मिरवणं तुमचं तुम्हीच करा, स्वैपाकीणबाईंचा पगार तेवढा वाढवा. आणि चहा न घेता उठली.

आता ते गावभर सांगतात, पत्रिका जुळली नाही. सांगोत बापडे. बंगला मला आवडला होता रे, खोटं कशाला बोलू? त्या पायऱ्यांवर सावनीला शालू नेसून उभी पाहिली होती मी मनात. काल मात्र ती शाळेतून आली, पाय पसरून बसली आणि माझ्याकडेच चहा मागितला. मी मुकाट्याने करून दिला.

जिव्हाळा असू दे.

तुझी अक्का