अर्ध्याचं अर्धं

३ जून

चि. बारकीस,

ताईचे भरपूर आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी आलं. गणिताच्या बाई, तुमचं अक्षर दिवसेंदिवस मुंग्यांच्या रांगेसारखं होत चाललंय. तुझ्या पोरांना फळ्यावरचं तरी वाचता येतं का गं?

इकडची हकिगत लिहिते. आपल्या मास्तरांना, तुझ्या दादाला, इस्पितळातून घरी येऊन आता चार महिने झाले. कानातले आवाज गेले. गिऱ्हाइकांच्या कोटांच्या अस्तरात तारा पेरल्यात, असं आता तो म्हणत नाही. जानेवारीत त्याने सात कोट उसवले होते, ते एकेक करून मी पुन्हा शिवून दिले. ती दशा पुन्हा नको. त्यामुळे डॉक्टरीणबाईंच्या औषधाला मी नावं ठेवणार नाही. रोज संध्याकाळी अर्धा पेला पाण्यात दहा थेंब, एकही दिवस चुकवला नाही.

पण बारके, तो कसा झालाय ते तू पाहिलं नाहीस. तोंड कोरडं, हात लाकडासारखे, आणि पाय मात्र एका जागी ठरत नाहीत. दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालतो. परवा कापणीच्या टेबलाशी उभा राहिला. खांद्यापासून बाहीच्या मुंढ्यापर्यंतची रेघ, जी तो डोळे मिटून मारायचा, ती तीनदा पुसली. मग खडू खाली ठेवला आणि कापून मीच घ्यावं असं म्हणाला. मी मशीनवर बसणारी बाई, मला कुठली कापणी येते!

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की थोडा धीर धरा, आवाज परत येण्यापेक्षा हे बरं. त्यांचंही खरंच असेल. मला मात्र इकडे आड नि तिकडे विहीर. शेवटी सोमवारपासून मी पाचच थेंब घालते. मोजते आत स्वयंपाकघरात, त्याला कळत नाही. तो दहाच समजून पितो. हे तुझ्यामाझ्यात. त्याला कळलं तर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडेल. तुला माझी शपथ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

*

९ जून

ती. ताईस,

बारकीचा वाकून नमस्कार. पत्र वाचलं आणि आधी घाबरले, मग तुझंच बरोबर वाटलं. रोज डोळ्यांसमोर तो तुझ्या आहे, बाईंच्या नाही. पाच तर पाच. फक्त पूर्ण बंद करू नकोस. त्याची झोप उडाली तर तडक बाईंकडे जा. मी कोणाकडे अवाक्षर काढणार नाही. तुझी मशीन आणि माझं तोंड, दोन्ही आपल्या मर्जीनेच चालतात.

इथे नव्या वर्षाच्या प्रवेशांची कामं गळ्यापर्यंत आलीत. सुट्टी मिळाली की येतेच. तोवर रागे भरू नकोस, आणि भरलीसच तर पत्रातून भर.

तुझी,
बारकी

*

११ जून

प्रिय बारके,

दादाचा आशीर्वाद घे. ताईला वाटतं मी हल्ली लिहीत नाही. हे पत्र मी तीन दिवस लिहितोय, ओळी वाकड्या आहेत, हसू नकोस. फोन मी अजून कानाला लावत नाही, तेव्हा याच अक्षरावर भागव.

तुला खरं सांगतो. मंडळी गेली. मंडळी म्हणजे ते आवाज, तुला ठाऊक आहेच. पण जाताना घरातलं सामानसुमानही उचलून घेऊन गेली. कोणी विनोद केला तर तो विनोद आहे एवढं कळतं, हसू येत नाही. ताई माझ्यासाठी मरमर मरते आणि मला तिची दयासुद्धा धड येत नाही. पाय तर असे वळवळतात की ते दुसऱ्या कोणाला देऊन टाकावेत.

म्हणून मी एक तोड काढलीय. ती संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायला जाते, तेवढ्यात पेल्यातलं अर्धं पितो आणि अर्धं मोरीत ओततो. म्हणजे दहातले पाच पोटात, पाच गटारात. गेल्या बुधवारपासून. ताईला सांगू नकोस. ती इतक्या निष्ठेने थेंब मोजते, तिला फार लागेल.

आहेस तशीच राहा माझ्यासाठी.

तुझा,
दादा

*

१७ जून

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. तुझ्या ओळी वाकड्या नाहीत, माझ्या वर्गातल्यांपेक्षा बऱ्याच सरळ आहेत. पत्र पाहून रडले आणि मग दोनदा वाचलं.

तुला ओरडावं असं वाटलं होतं, पण जमलं नाही. ज्याच्या अंगात ते औषध उतरतं त्याचं कोणी ऐकायचं की नाही? अर्धं घेतोस तर निदान ते अर्धं नेमाने घे. आणि मंडळी दाराशी जरी आली तरी आधी मला कळव. ताईला सांगत नाही, वचन देते.

तुझी,
बारकी

*

२ जुलै

चि. बारकीस,

ताईचे आशीर्वाद, आज जरा जास्तच. अगं, मास्तर हसले! शेजारचा चष्मेवाला आपलं ठरलेलं रडगाणं गात होता, त्यावर याने अशी काही कोटी केली की चष्मेवाला ओशाळला आणि मी सुई टोचून घेतली. काल एक अख्खा कोट कापला. रेघ एकदाच मारली. मी आतल्या खोलीत जाऊन तोंडाला पदर लावून रडले.

म्हणजे बघ, अर्ध्यानेच भागत होतं. उगाच चार महिने त्या जिवाला दगड करून ठेवलं. मी काही शिकलेली नाही, पण माणूस मला कळतो. झोप थोडी कमी झालीय खरी. कामाचा उत्साह असेल.

तुझ्यावर नेहमीसारखाच जीव असलेली,
ताई

*

२१ जुलै

बारके,

आशीर्वाद. हात दुखतोय, थोडक्यात लिहिते.

रविवारी दुपारी मी बाही शिवत बसले होते. तो आला आणि माझं मनगट धरलं. माझ्या बाहीत तार आहे, ती मला भाजतेय, असं सांगायला लागला. मी हसण्यावारी नेलं. त्याने कात्रीने बाही अंगावरच कापली. मला वाचवायला गं! मला वाचवायलाच. मी हात ओढला म्हणून लागलं, नाहीतर लागलंही नसतं. तीन टाके पडले. रक्त पाहून तो स्वतःच टेबलाखाली जाऊन बसला. चष्मेवाल्याने गाडी आणली.

इस्पितळात बाईंनी विचारलं की औषध पूर्ण चालू होतं ना. मी होय म्हणाले. त्यालाही विचारलं, त्यानेही मान हलवली. बाई म्हणाल्या, पूर्ण औषध घेऊनही दुखणं उलटलं म्हणजे हे औषध लागू पडत नाही. येत्या सोमवारपासून दुसरं, फार जड औषध सुरू करणार. त्यासाठी दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. मास्तरांना तिथेच ठेवून घेतलंय.

मला काही म्हणजे काही समजेनासं झालंय. पाच थेंबांवर तो इतका छान होता, मग पाचच थेंबांनी कसं उलटलं? माझं चुकलं, की औषधाचं, की हे होणारच होतं? बाईंना आता खरं सांगायला गेले तर त्याला माझ्याजवळ ठेवतील का?

ताई

*

२४ जुलै

ती. ताई आणि प्रिय दादा,

दोघांना नमस्कार. हे पत्र इस्पितळात दोघांनी एकत्र वाचायचं. मी दोघांना दिलेला शब्द मोडतेय.

ताई घरात पाचच थेंब घालत होती. दादा त्या पेल्यातलं अर्धं मोरीत ओतत होता. दोघांनी मला आठवड्याभराच्या अंतराने कळवलं आणि मी दोघांचीही शहाणी माणसं म्हणून पाठ थोपटली. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, हे मी पाचवीच्या पोरांना शिकवते. दोन पत्रं एकाच कप्प्यात ठेवली होती, पण एकापुढे एक ठेवून वाचली नाहीत. एक ताईचं गुपित होतं, एक दादाचं. दोघांची मर्जी राखायच्या नादात हा साधा गुणाकार मी केला नाही. ताईच्या हातावरचे टाके माझे आहेत.

पत्र पोचायला वेळ लागेल आणि सोमवार जवळ आलाय, म्हणून आज शाळेतून बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी थेंबांचा हिशेब पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाल्या की दहापैकी अडीचच पोटात जात होते, तर औषध हरलं असं म्हणताच येत नाही. नवं औषध तूर्त थांबवलंय.

पुढे मी विचारलं की मग पाववर तो तीन आठवडे हसत कसा होता. त्या म्हणाल्या की जुन्या औषधाचा अंमल हळूहळू उतरतो. कडकपणा आधी जातो, आजार मागाहून येतो, मधले दिवस सोन्यासारखे वाटतात. कदाचित दहापेक्षा कमीवरही भागेल, पण ते ठाऊक व्हायला किती पोटात जातंय हे खरं कळायला हवं. मला पटलं. पण तो हसत होता हेही खरंच ना? त्याचं काय करायचं, ते मला कळत नाही.

वाटेल ते बोला मला. सुट्टी टाकलीय.

बारकी

*

१२ ऑगस्ट

चि. बारकीस,

तू चार दिवस राहून गेलीस तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलले नाही. अजूनही राग आहे. शपथ घातली होती. पण शपथ मोडली नसतीस तर त्या जड औषधाने त्याला कुठल्याकुठे नेऊन ठेवलं असतं, हेही दिसतं. आगीतून काढलंस म्हणून आभार मानू की तोवर गप्प बसलीस म्हणून कान उपटू?

बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. हात कडक झाल्याचं मी पुन्हा जाऊन ठासून सांगायला हवं होतं, त्यावर निराळी गोळी असते म्हणे. ती आता देतात. तो परवा घरी आला. दहाच थेंब, पण महिन्याभराने आठवर यायचं का ते बसून ठरवू म्हणाल्या, त्यालाही विचारून. थेंब तो स्वतः मोजतो. मी समोर बसते. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नाही.

हसला अजून नाही.

राग ओसरेल. ओसरेपर्यंतही तुझीच,
ताई

*

३० ऑगस्ट

प्रिय बारके,

दादाचा आशीर्वाद. ताईच्या हाताचे टाके केव्हाच निघाले, वण राहिलाय. ती बाही खाली ओढून घेते. मी बघतो.

तू वचन मोडलंस. मोडायलाच हवं होतं. सकाळी मला हे पटतं आणि संध्याकाळी पेला हातात आला की तुझा राग येतो. दोन्ही वेळेला मीच असतो, तेव्हा यातला खरा कोणता असं विचारू नकोस.

एक ठरवलंय, ते सांगून टाकतो. यापुढे तुला गुपित सांगणार नाही. पत्रात मी बरा आहे असंच लिहीन. असेन तेव्हाही तेच आणि नसेन तेव्हाही तेच. ही शिक्षा नाही गं. मंडळी येतात तेव्हा पावलं वाजवत येत नाहीत, बऱ्याचदा मलाच शेवटी कळतं. मग तुला पत्रातून कसं कळणार? म्हणून पत्रावर भरवसा ठेवू नकोस. महिन्यातून एकदा ये, समोर बस, माझ्याकडे नीट बघ. काय दिसतं ते ताईला आणि मला, दोघांना एकदमच सांग.

बाकी मी बरा आहे.

तुझा,
दादा