एकाच गाडीतली दोन मतं

शॉमबर्ग, जुलै अखेर

प्रिय सलोनी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरचा फोन म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. बाबा स्पीकर लावतात, शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि मी तोंड उघडायच्या आत तिकडचं हवामान विचारतात. मला जे बोलायचं असतं ते तसंच राहतं. म्हणून हे कागदावर. रविवारच्या मराठी शाळेत रडत-रडत शिकलेली अक्षरं आता कामी येऊ देत. जोडाक्षरांना अडखळशील, पण घाई कुठे आहे? वाचून झालं की हवियेरलाही सांग काय लिहिलंय ते. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

परवा शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत गेलो होतो. शॉमबर्गात आता सगळं मिळतं, तरी बाबांची डेव्हनची हौस जात नाही. पार्किंगसाठी गल्ल्या पालथ्या घातल्या, वैतागले, 'यापुढे सगळं ऑनलाइन मागव' असं बजावलं आणि दुकानात शिरल्याबरोबर फ्रीझरपाशी जाऊन उभे राहिले. हातात तुरीच्या ओल्या दाण्यांचं पाकीट. मला म्हणाले, "इवेतबाई करतात तसा भात तुला जमेल का गं?" मी नुसतं पाकीट बास्केटमध्ये टाकलं. गेल्या दिवाळीपासून त्या भाताचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

तो भात मलाही आठवतोच. तू मारिया वादळानंतर दातांच्या कॅम्पबरोबर तीन आठवड्यांसाठी पोर्तो रिकोला गेलीस आणि तिथलीच झालीस, पण आमचं तुझ्या घरी राहायला येणं दर वेळी काहीतरी निघून मागे पडत होतं. शेवटी गेल्या दिवाळीला पॉन्सेला आलो. तुझ्या सासूबाईंनी, इवेतनी, व्हरांड्यात पान मांडलं, झाकण काढलं, आणि बाबा खुर्चीतून अर्धे उठलेच. "कांचन, अगं हा तर सोलेभात!" अकोल्याचा माणूस, साठ वर्षांनी समुद्रापलीकडच्या बेटावर त्याला त्याच्या आईच्या हातचा वास आला. इवेतना ते कळेना, तू स्पॅनिशमध्ये सांगितलंस, मग त्यांनी बाबांना दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. हवियेर त्यांना 'बाबा, बाबा' करत होता. मला वाटलं, झालं, जमलं सगळं.

मग निवडणुकीचा विषय निघाला. तो टाळता येणारच नव्हता म्हणा. चारच दिवसांवर मतदान, भिंतीभिंतीवर पोस्टर. बेट अमेरिकेचं, पण राज्य नाही; ते पूर्ण राज्य व्हावं, की वेगळा देश व्हावं, की वेगळं होऊन अमेरिकेशी करार ठेवावा, हे लोकांना विचारणार होते. बाबांनी सहज विचारलं, "घरात कोणाचं काय?" इवेत म्हणाल्या, राज्य. त्यांचं पेन्शन तिकडून येतं, थोरला मुलगा ऑरलँडोत, आणि शंभर वर्षं नागरिक असून नागरिकाचा पूर्ण मान नाही, तो हवा. हवियेर म्हणाला, देश. शांतपणेच म्हणाला. आमची बंदरं, आमची वीज, आमचं कर्ज, सगळ्याचा निर्णय जिथे आमचं मत चालत नाही तिथे होतो. गरीब राहू कदाचित, पण चुका तरी आमच्या असतील. बाबा इंजिनिअर. त्यांनी एकेक खांब ठोकून पाहायला सुरुवात केली. चलन कुठलं? औषधं कुठून? पासपोर्ट? आणि पुढचं वादळ आलं की कोण येणार? त्यावर हवियेर म्हणाला, "मागच्या वेळी कोण आलं होतं, बाबा? माझ्या आईनं कित्येक महिने अंधारात काढले." आणि तेव्हा बाबांनी ते वाक्य टाकलं. तुझ्याकडे बोट करून, मराठीत नाही, इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं. म्हणजे उद्या माझी मुलगी मला परदेशी होणार, आणि त्यासाठी ती स्वतः मत देणार?

तू ताट उचललंस आणि आत गेलीस. जाताना एवढंच म्हणालीस की शॉमबर्गात होते तोवर मी राष्ट्राध्यक्षासाठी मत देत होते, इथे आले आणि तो हक्क गेला, पासपोर्ट तोच आहे, मग परदेशी मी आधीच नाही का? मला त्या क्षणी तुझे आजोबा आठवले. बाबांनी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी अकोल्याला फोन लावला होता. आजोबा एवढंच म्हणाले, "म्हणजे आता तू तिकडचा." बाबांनी फोन ठेवला आणि बेसमेंटमध्ये जाऊन तास-दीड तास काहीबाही ठोकत बसले. त्यांच्या रागात काय असतं ते मला ओळखू येतं, बाळा. तो राग कमी असतो.

मला त्या दुपारी दोघांचंही पटत होतं. हे माझं लहानपणापासूनचं दुखणं. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझ्या पिढीला गोवा म्हणजे बीच. मी फोंड्याला नऊ-दहा वर्षांची होते तेव्हा गोव्यातही असंच मत घेतलं होतं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा. विलीनीकरणाला निशाणी फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. माझे वडील, अण्णा, मराठी शाळेत मास्तर. ते फुलाचे. त्यांचा धाकटा भाऊ दत्ताकाका पणजीला कचेरीत. तो दोन पानांचा. एकाच अंगणात दोन चुली होत्या आमच्या. अण्णा म्हणत, आपली भाषा मोठ्या घरात वाढेल. काका म्हणायचा, मोठ्या घरात धाकट्याला कोण विचारतो? मी दोघांच्या मांडीवर बसून दोघांचं ऐकायची आणि दोघंही मला खरे वाटायचे. दोन पानं जिंकली. काका मिरवणुकीतून गुलाल माखून आला आणि अण्णांच्या पायरीवर पेढे ठेवून गेला. त्यात खिजवणं नव्हतं, मला आजही वाटतं, तो फक्त आनंदात होता. पण अण्णांनी ते पेढे गाईला घातले. नंतर दोघं बोललेच नाहीत. आई आणि काकू कुंपणावरून माशाच्या हुमणाची वाटी देत-घेत राहिल्या, पण त्या दोघांत एक शब्द नाही. काका लवकरच गेला, तापानं. पुढे गोवा स्वतंत्र राज्य झालं, त्या दिवशी अण्णांनी पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "दत्ता बरोबर होता की मी, कोण जाणे. आता विचारू तरी कोणाला?"

म्हणून पॉन्सेत मतदानाच्या दिवशी मी जे पाहिलं ते माझ्या मनातून जात नाही. तू क्लिनिक उरकून परस्पर जाणार होतीस. बाबा डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले होते. मी व्हरांड्यात बसले होते. हवियेरनं गाडी काढली, इवेतचा गुडघा धरलेला, तर त्यानं पुढची सीट मागे सरकवली, पाठीशी उशी लावली, हात धरून बसवलं. बाईंनी ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता, लिपस्टिक लावली होती. शाळेत जाऊन आई एक मत देणार, मुलगा त्याच्या उलट देणार, आणि दोघं एकाच गाडीतून. मी हसून म्हटलं, मग जाता कशाला, दोघांची मतं एकमेकांना खाऊन टाकणार! इवेत म्हणाल्या, "घरी बसलो तर आम्ही मत बदलल्यासारखं होईल. आणि हा नाही नेणार तर मला कोण नेणार?" दोघं परत आले तेव्हा हातात आइस्क्रीम होतं. कोणी कोणाला विचारलं नाही.

निकाल तुला माहीत आहे. राज्य व्हावं म्हणणारे जास्त निघाले, आणि झालं काहीच नाही, कारण शेवटचा शब्द वॉशिंग्टनचा, आणि त्यांना तो घाईनं उच्चारायचा नाही. बेट होतं तिथेच आहे. आपलं घर मात्र हललं. हवियेर बाबांना 'सर' म्हणायला लागला. बाबा त्याचा आवाज आला की फोन माझ्या हातात देऊ लागले. तू कोणाला मत दिलंस ते बाबांनी दोनदा विचारलं, तू दोन्ही वेळा जेवलात का म्हणून विचारलंस. मी नाही विचारणार. विचारायचं नसतं, म्हणून तर तिथे पडदा असतो.

आणि मग एप्रिलमध्ये तू ती बातमी दिलीस. आपल्या घरात इतक्या वर्षांनी बाळ येणार! बाबा फोन ठेवल्यावर बॅकयार्डमध्ये गेले आणि बर्फ नुकताच वितळलेल्या चिखलात नुसते उभे राहिले. पण दुसऱ्या दिवशी तुला म्हणाले काय, तर मूल तरी इकडे जन्मू दे, कागद कायमचे पक्के होतील, तिकडे उद्या काय होईल कोणी सांगावं. तू 'हं' म्हणालीस. मे महिन्यात मला विचारलंस, "आई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना आपल्यात?" मला इतका आनंद झाला की मी पुढचं ऐकलंच नाही. तुझी खोली रंगवून घेतली. डिंक, खारीक, गोडंबी आणून ठेवली.

गेल्या आठवड्यात इवेतचा फोन आला. मला नाही, बाबांना. बाबांनी सवयीनं स्पीकर लावला म्हणून मला ऐकू आलं. त्यांचं इंग्रजी तुला माहीतच आहे, थांबत-थांबत, पण एकेक शब्द नेमका. म्हणाल्या, "कुमार, तुम्ही रुसलात आणि मी या घरात एकटी पडले. माझा मुलगा मला स्वयंपाकघरातून न उठवता परदेशात पाठवायला निघालाय. माझ्या बाजूनं वाद घालायला कोणीतरी हवं. या ना!" बाबा हसले. खरंच हसले गं, डोळे पुसेपर्यंत. मग इवेत हळूच म्हणाल्या की हवियेर पाळणा करतोय, स्वतःच्या हातानं, पण सलोनी सप्टेंबरमध्ये शिकागोला जाणार कळल्यापासून त्यानं पॉलिश लावलेलं नाही. तो तिला काही बोलणार नाही. तो असाच आहे, त्याचा बापही असाच होता.

बाबांनी त्या दिवशी जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः नंबर लावला, आणि स्पीकर न लावता. सुरुवातीला नुसतं हं, हं. मग मला ऐकू आलं, "छताला बोल्ट कुठले वापरलेत? वाऱ्याचा वेग किती धरलास?" हवियेर लोकांच्या छतांवर सोलर बसवतो हे बाबांना सात वर्षं माहीत आहे, पण त्याबद्दल त्यांनी कधी त्याला विचारलं नव्हतं. मग कागद ओढून घेतला, आकृत्या काढल्या, बॅटरी किती तास चालते, पाणी वर कसं चढतं, हॉस्पिटल किती लांब. मध्येच आवाज चढला. मी धसकले, तर वाद वॉशरच्या जाडीवरून चालला होता. शेवटी बाबा म्हणाले, "तुझं वेगळ्या देशाचं मला अजून पटलेलं नाही. मी भेटल्यावर सांगेन." आणि तिकडून हवियेर काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण बाबांनी फोन ठेवला तो दोन्ही हातांनी, सावकाश.

सलोनी, आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तू येऊ नकोस. रीत मला माहीत आहे, आणि तू ती रीत पुढे केलीस ती बाबांच्या भीतीला पांघरूण म्हणून, हेही आता कळलं आहे. बाबांचं मन राखायला तू हवियेरचं मोडते आहेस. मी इतकी वर्षं डॉक्टरकी केली, त्या नजरेनंही विचार केला. तुझी डॉक्टर तिथे आहे, तुझी प्रकृती चांगली आहे, हॉस्पिटलला जनरेटर आहे. तुझी तारीख ऑक्टोबरची आणि तो वादळाचा महिना आहे, हे मी विसरलेले नाही, आणि तशीच वेळ आली तर तुझी डॉक्टर म्हणेल तसं करू, त्यात कोणाचा हट्ट नको. पण नुसत्या कागदांसाठी नको. त्या बाळाच्या हयातीत बेटाचं काय होईल, राज्य की देश की आहे तेच, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येत नाही. ते मोठं होऊन आपलं मत देईल, आणि कदाचित आपल्या सगळ्यांच्या विरुद्ध देईल. तोवर त्याला त्याच्या बापानं पॉलिश केलेल्या पाळण्यात झोपू दे. तुझी खोली रिकामी राहील तेव्हा मला काय वाटेल ते लिहीत नाही. तू आई होशील तेव्हा आपोआप कळेल. डिंकाचे लाडू मी बॅगेत भरून आणते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तिकिटं बाबांनी काल काढली आणि परतीची तारीख मोकळी ठेवली. फक्त एक कर. आधी हवियेरला विचार, आम्ही इतके दिवस आलेलं त्याला चालेल का? घर त्याचंही आहे. तो हो म्हणाला की कळव.

तुझ्या होकाराची वाट पाहणारी, तुझीच,
आई