जँगो की पायथन : माझा निर्णय

२ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या निर्णयांची कुठेतरी नोंद असावी.
सकाळी प्रशासक मॅडमनी बोलावलं. हॉस्पिटलचा दुरुस्ती नोंद विभाग महिनाअखेर बंद. विभाग म्हणजे मी, समोरच्या टेबलावरच्या बाई आणि एक फोन. वॉर्डातून फोन येतो, नळ गळतोय, दिवा लागत नाही. आम्ही चिठ्ठी लिहून प्लंबर नाहीतर इलेक्ट्रिशियनकडे धाडतो. एकोणीस वर्षं. आता वॉर्डांनी तक्रार थेट कॉम्प्युटरवर भरायची. आम्हा दोघांपैकी जो तसं वेबपेज बनवून दाखवेल, त्याला कॉम्प्युटर विभागात घेणार. जागा एकच. ३० तारखेला दाखवायचं.
मला बाईंची काळजी वाटते. पन्नाशी उलटलेली, कसा निभाव लागणार त्यांचा.

३ जून
अभ्यासाला सुरुवात. इंटरनेटवर दोन नावं सारखी येतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, कुठल्याही कामाला चालते. जँगो हा फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. एकाची निवड करायची. घाईत चुकलो की अख्खा महिना पाण्यात.
संकल्प : शुक्रवारपर्यंत निर्णय.

६ जून, शुक्रवार
निर्णय सोमवारवर. तुलनेचा तक्ता अपुरा आहे, मुद्दे जेमतेम अकरा. बाईंना दाखवला. त्यांनी म्हणे काहीतरी डाउनलोड करून टाकलंय. सावध केलं, आधी विचार करा. हो म्हणाल्या आणि टाइप करत राहिल्या.

१० जून, सकाळी ७.२०
काल मेव्हण्याला फोन. तो कॉम्प्युटरमधलाच. सरळ विचारलं, पायथन की जँगो? म्हणाला, दाजी, असा प्रश्नच नसतो. जँगो पायथनमध्येच लिहिलंय, एक शिकताना दुसरं येतंच. ह्याला कधी एका बाजूने बोलता आलेलं नाही. त्याच्या बहिणीचं आणि माझं वाजतं तेव्हाही दोघांचं बरोबर म्हणतो. त्याचं मत 'तटस्थ' म्हणून नोंदवलं.
मुद्दे तेवीस.

१३ जून
पायथनकडे कल. पाया पक्का हवा.

१४ जून
जँगोकडे कल. पाया घालत बसायला वेळ कुठे आहे?

१७ जून, मंगळवार
बाईंची स्क्रीन लाल अक्षरांनी भरलेली. चुकाच चुका. विचारलं तर म्हणाल्या, काल चाळीस होत्या, आज चौदाच आहेत. माझ्याकडे अजून एकही चूक नाही.
प्लंबर त्यांच्या मागे उभा राहून सांगत होता, कुठला नळ ते लिहायला वेगळा रकाना ठेवा, मला अख्खा वॉर्ड पालथा घालावा लागतो. प्लंबरला कसलं विचारायचं! शिवाय 'वापरणाऱ्यांचं मत' हा मुद्दा माझ्या तक्त्यात पहिल्यापासून आहे. अजून रिकामा आहे, एवढंच.

२० जून
बायकोने विचारलं, काही सुरू झालं का? म्हटलं, निर्णयप्रक्रिया चालू आहे. म्हणाली, तुम्हाला फॉर्म बनवायला सांगितलाय, मुलगी बघायला नाही. मग हळूच म्हणाली, घरात दुसरा पगार नाही, एवढं ध्यानात असू द्या.
जेवण गेलं नाही. झोप येईना, तक्ता पुन्हा आखत बसलोय. चहा जास्त झाला असावा.

२३ जून, सकाळी ६
हल्ली जाग लवकर येते. सत्तेचाळीसाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार, हा विचार. हा मुद्दा तक्त्यात कुठे घालावा कळेना.
निर्णय झाला. पायथन! छातीवरचं ओझं उतरलं.

सकाळी ११
पायथन घ्यायला गेलो तर त्याची चार व्हर्जन्स निघाली. नवा तक्ता आखायला घेतला.

२७ जून, शुक्रवार
बाईंनी पेज दाखवलं. भकास दिसतं. करडा फॉर्म, वर मोठ्ठं बटण. पण भरला की प्लंबरच्या नाहीतर इलेक्ट्रिशियनच्या मोबाइलवर मेसेज जातो. चार वेळा पाठवून पाहिला, चारही वेळा गेला. कशात केलं विचारलं. म्हणाल्या, जँगोत, मध्ये मध्ये पायथन लिहायचं. म्हणजे दोन्ही! हे नियमात बसतं का, मॅडमना विचारलं पाहिजे.
निघताना म्हणाल्या, तुमचं काही अडलं असेल तर उद्या येते, दोघं मिळून बसू. जागा एकच असताना असं म्हणाल्या. मी म्हटलं, छे, माझं होत आलंय. घरी येईपर्यंत स्वतःची लाज वाटत होती.

३० जून, दुपारी १२.३०
दाखवणं झालं. आधी बाई. मग मी तक्ता लावला. एकेचाळीस मुद्दे, दोन रंगांत. मॅडमनी सगळा ऐकून घेतला आणि कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, तक्ता सुबक आहे, पण ह्या दोघांत निवडायचं नसतंच, एक दुसऱ्यावरच उभं आहे. मला हे तीन आठवड्यांपूर्वी कळलेलं होतं, असं मी म्हटलं नाही.

दुपारी ४.१०
जागा बाईंना मिळाली. विभागातला फोन काढून नेला. टेबलावर त्याच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली आहे.
मॅडम म्हणाल्या, पहिली खरी तक्रार तुम्हीच भरा, तुमच्याइतकं ह्यातलं कोणाला कळतं? बाईंनी उठून मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. माझ्याकडे बघत मात्र नव्हत्या.
तक्रार : पंखा आवाज करतो. खरंच करतो, वर्षभर. मग विभागांची यादी उघडली. वॉर्ड एक ते अठरा, लॅब, लॉन्ड्री, प्रशासन. आमचा नव्हता. उद्यापासून नाहीच, तर बाई कशाला घालतील? बरोबरच केलं त्यांनी. 'इतर' निवडून बटण दाबलं.
पाच मिनिटांत इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन दारात. काही कळलं नाही की आमच्याकडे विचारायला यायचं, ही त्याची जुनी सवय. मोबाइलमध्ये बघत म्हणाला, साहेब, हे 'इतर' म्हणजे कोण?
म्हटलं, मी.