जळकोटच्या अलीकडे

नळदुर्ग,
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. अर्पिता हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागं ‘सौ.’ पहिल्यांदाच लिहितेय. मी बरी आहे. लग्नाच्या धावपळीत आईचे पाय सुजले असतील, तिला जरा पडून राहा म्हणावं.

वर गावाचं नाव वाचून दचकली असशील. व्हय, मी पुण्यात न्हाय. इथंच, स्टँडजवळच्या लॉजवर आहे. ऑफिसात ऑडिट आहे, सुट्टी मिळत नाही म्हणाले होते, तसलं काही नव्हतं. तुझ्यासाठी इरकल घेऊन लग्नालाच निघाले होते. गाडी नळदुर्गात थांबली आणि मी उतरून गेले. पुढं आपल्या जळकोटला घरी येणं झेपलं नाही.

तेव्हापासून एकटीच किल्ला बघत हिंडतेय. इतक्या जवळ राहून आपण कधी नीट पाहिलाच नाही गं. उपली बुरुजावर चढले. वरच्या तोफा लई लांब आहेत. तुला हळद लागत होती तेव्हा मी तिथं पोरांची सहल बघत बसले होते. अक्षता पडायच्या वेळेला पाणीमहालात होते. गाईड धरणाबद्दल काहीतरी सांगत होता. माझं ध्यान नव्हतं.

काल तुम्ही दोघं आलात. खंडोबाचं दर्शन करून आला असणार. तुझा हिरवा चुडा लांबूनच दिसला. माझ्या तोंडाला स्कार्फ होता, तरी मी पाणीमहालाच्या भिंतीआड सरकले. तुम्ही नेमके तिथंच थांबलात.

रणधीरराव म्हणाले, “सख्ख्या बहिणीच्या लग्नाला ताई आल्या न्हाईत. आमच्यावर राग हाय का त्यांचा?”

“न्हाय हो. सुट्टीच मिळाली न्हाय. फोनवर लई रडत होती बिचारी.”

मी रडले नव्हते, अर्पू. घाईघाईत फोन ठेवून दिला होता. माझी लाज राखायला तू नव्या नवऱ्याशी खोटं बोललीस, आणि मी भिंतीला चिकटून ऐकत राहिले. तुझा पदर दगडाला अडकला. हात पुढं केला असता तर मलाच सोडवता आला असता. नाही केला. स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

तुझ्या दाजींचं आणि माझं संपलंय. दिवाळीच्या आधीच मी वेगळी खोली घेतली. मांडवात एकटी आले असते तर बाया विचारणार, ‘जावई कुठंयत?’ आप्पा मान खाली घालणार. तुझ्या लग्नात माझी चर्चा नको, असं मी मनाला समजावलं. खरं तर मला माझंच तोंड लपवायचं होतं.

फोनवर पुन्हा खोटंच निघालं असतं, म्हणून लिहितेय. उद्या मांडवपरतणीला तू माहेरी आलेली असशील. सकाळच्या गाडीनं येते. हे पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत अंगणात थांबेन. आत घ्यायचं का, ते तू ठरव. रणधीररावांना खरं काय ते मी सांगेन. माझ्यापायी तू आता काही बोलू नकोस.

दाराबाहेर उभी,
तुझी ताई
सोनाली