ताईची पेटी आणि दुपारचा फोन

धाकट्या,

रात्रपाळीहून आलास की आधी जेव, झाकून ठेवलंय. मी ताईजवळ दवाखान्यात चालले आहे. गळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर आज तिला पहिल्यांदा बोलायला लावणार आहेत.

काल रेकॉर्ड कंपनीकडून तिच्या गाण्यांची पेटी आली. लग्नाआधी तिने स्वतः लिहून स्टुडिओत गायलेली सगळी गाणी आत सीडींवर आहेत. वर तिचा दोन वेण्यांचा फोटो. त्याखालचा शब्द मी अक्षर अक्षर लावून वाचला. 'संपू' पर्यंत आले आणि पेटी पालथी घातली. मग पुन्हा सरळ केली, तर पुढे 'र्ण' निघालं. जित्याजागत्या बाईच्या गाण्यांवर 'संपूर्ण' कसं लिहितात रे? तू म्हणशील, आईला अक्षरं उशिरा आली आणि आता नको तिथे वाचते. म्हण बापड्या.

शेजारीण म्हणाली, "न्या की दवाखान्यात, ऐकून तिला बरं वाटेल." मी म्हटलं, "लंगड्याला पळतानाचा फोटो दाखवतात का?" बोलून गेले आणि माझीच जीभ चावली.

पेटी गाद्यांच्या घडीत ठेवली आहे. तिथेच राहू दे.

दुपारी दवाखान्याच्या नंबरवरून ताई तुला फोन करेल, तोवर झोपू नकोस. आवाज घोगरा येईल, कदाचित नुसती हवाच येईल. कसाही आला तरी "कोण बोलतंय?" असं विचारू नकोस. लगेच "बोल ताई" म्हण.

आई